नाव, इस्म आणि ओनिमा



वसई तालुक्यातील कळंबहून एका भगिनीने आम्हाला पत्र पाठवले आहे. त्यांची मुलगी नववीत आहे. इंग्रजीच्या व्याकरणात तिला सिनॉनिम, अँटोनिम, होमोनिम, ॲक्रोनिम, सूडोनिम असे शब्द पाठ करायचे आहेत. सगळ्यांची शेपटी सारखी, त्यामुळे आज पाठ केलेले उद्या एकमेकांत मिसळते. त्या भगिनी लिहितात, "घरात इंग्रजी कुणालाच येत नाही. मुलीला आम्ही काय मदत करणार?" पत्राच्या शेवटी त्यांनी आणखी एक चिंता मांडली आहे. मुलीचे नाव जन्मदाखल्यावर एक, आधारकार्डावर दुसरे आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये तिसरेच आहे. दहावीचा फॉर्म भरायची वेळ जवळ येत चालली आहे.

हे दोन प्रश्न वेगवेगळे दिसतात. आमच्या मते दोन्हींचा धागा एकच आहे, तो म्हणजे नाव. म्हणून या महिन्यात दोन्हींची उत्तरे एकत्रच देत आहोत.

शेपटी धरा, शब्द सापडेल

ग्रीक भाषेत नावाला 'ओनोमा' म्हणतात. ग्रीकांच्या काही बोलींत त्याचा उच्चार 'ओनिमा'च्या जवळ जाणारा होता. इंग्रजी शब्दांच्या शेवटी येणारे 'ओनिम' तेथूनच आले. ओनिम म्हणजे नाव किंवा शब्द. एवढे एकदा लक्षात ठेवले की पुढे फक्त आधीचा तुकडा ओळखायचा राहतो.

'सिन' म्हणजे सोबत. अर्थाने सोबत चालणारे शब्द ते सिनॉनिम, आपले समानार्थी शब्द. 'अँटी' म्हणजे विरुद्ध, म्हणून अँटोनिम हा विरुद्धार्थी शब्द. 'होमो' म्हणजे सारखा. नाव सारखे पण अर्थ निराळा, तो होमोनिम. 'सूडो' म्हणजे खोटा किंवा वरवरचा, म्हणून सूडोनिम हे घेतलेले नाव, आपल्याकडचे टोपणनाव किंवा शायरांचे तखल्लुस. 'ॲक्रो' म्हणजे टोक. प्रत्येक शब्दाच्या टोकाचे अक्षर उचलून केलेले नाव ते ॲक्रोनिम, जसे नासा. 'अन' म्हणजे नसलेला. ज्याखाली नावच नाही तो अनॉनिमस, निनावी. 'टोपो' म्हणजे जागा, म्हणून टोपोनिम हे गावाचे किंवा ठिकाणाचे नाव. माणसाच्या नावावरून दुसऱ्या कशाला नाव पडले, तर ते माणसाचे नाव एपोनिम. परक्यांनी आपल्या गावाला किंवा लोकांना दिलेले नाव एक्झोनिम.

यातली गंमत मुलांना जरूर सांगा. ग्रीक 'ओनोमा', लॅटिन 'नोमेन', इंग्रजी 'नेम', फारसी 'नाम', संस्कृत 'नामन्' आणि आपले मराठी 'नाव' हे सगळे एकाच घराण्यातले शब्द आहेत. म्हणजे शेपटीला जोडलेला हा शब्द परका नाही, आपल्या 'नाव'चा तो दूरचा चुलतभाऊ आहे. अरबी 'इस्म' मात्र वेगळ्या घराण्यातला. तोही आपल्या तोंडी रोज असतो. जेवायला बसताना, दार उघडताना, वही उघडताना आपण 'बिस्मिल्लाह' म्हणतो, त्यात 'इस्म' आहेच. अल्लाहच्या नावाने, असा त्याचा अर्थ.

कळंब, सोपारा आणि वसई

आता हीच कोष्टके पुस्तकातून काढून गावात नेऊ.

कळंब हे आपल्याकडे कदंबाच्या झाडाचे नाव आहे. पावसाळ्यात गोल, पिवळसर चेंडूसारखी फुले येणारे हे झाड. पण कळंब नावाचे गाव एकच नाही. वसईच्या किनाऱ्यावर एक आहे, धाराशिव जिल्ह्यात तालुक्याचे गाव आहे, यवतमाळ जिल्ह्यातही तालुक्याचे गाव आहे, पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात आणखी एक आहे. पत्रावर नुसते 'कळंब' लिहिले तर टपाल कुठे जाईल? हाच होमोनिम. म्हणून तर आपण पत्त्यात तालुका आणि जिल्हा लिहितो. मुलीला सांगा, होमोनिम म्हणजे पिनकोड नसलेले कळंब.

होमोनिमचे आणखी एक उदाहरण उर्दू येणाऱ्या घरांसाठी. मराठी लिपीत 'आम' लिहिले तर तो आंबाही होतो आणि 'सर्वसामान्य' असाही अर्थ होतो. उर्दूत मात्र पहिला अलिफने आणि दुसरा ऐनने लिहितात. उच्चार सारखा पण लिखाण वेगळे, अशा शब्दांना इंग्रजीत होमोफोन म्हणतात. 'फोन' म्हणजे आवाज. लिखाण सारखे असेल तर होमोग्राफ. 'ग्राफ' म्हणजे लिहिणे.

कळंबच्या जवळच सोपारा आहे. आज नालासोपारा म्हणजे लोकलची गर्दी आणि इमारती, पण एके काळी हे पश्चिम किनाऱ्यावरचे नावाजलेले बंदर होते. संस्कृतात त्याला शूर्पारक म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेतील खलाशी-मार्गदर्शिकेत, म्हणजे 'पेरिप्लस'मध्ये, त्याचे नाव 'सुप्पारा' असे आले आहे. त्याच पुस्तकात कल्याणचे नाव 'कल्लिएना' असे आहे. पुढे अरब प्रवासी आणि भूगोलकार आले. दहाव्या शतकातील अल-मसऊदी यांच्या लिखाणात हेच गाव 'सुबारा' होते. असे का? कारण अरबीत 'प' हा उच्चार नाही, त्याच्या जागी 'ब' किंवा 'फ' येतो. 'पारस'चे 'फारस' झाले तेही याच कारणाने. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. ज्या भूमीवर अशोकाचे प्राकृत, ग्रीकांचे सुप्पारा आणि अरबांचे सुबारा एकत्र आले, तिथल्या मुलीला ग्रीक शब्दांचे भय वाटण्याचे काही कारण नाही. ते लोक आपल्या किनाऱ्यावर फार पूर्वीच येऊन गेले आहेत.

वसईचेही तसेच. 1534 मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यांनी तिला 'बसाईं' म्हटले आणि इंग्रजांनी 'बॅसीन' केले. इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकात 1802 चा 'ट्रीटी ऑफ बॅसीन' वाचणाऱ्या कित्येक मुलांना तो आपल्याच वसईचा तह आहे, हे चटकन लक्षात येत नाही. 'वसई' हे गावकऱ्यांचे नाव, 'बॅसीन' हे बाहेरच्यांचे. बाहेरच्यांनी दिलेले नाव म्हणजे एक्झोनिम.

माणसांच्या समूहांनाही अशी बाहेरची नावे पडतात. भूमध्य समुद्राच्या काठी आयोनिया नावाचा ग्रीकांचा प्रदेश होता. त्यावरून अरबीत ग्रीकांना 'यूनानी' म्हणू लागले. आपल्या हकीमसाहेबांची यूनानी दवा म्हणजे मुळात 'ग्रीक' दवा. त्याच आयोनियावरून आपल्याकडे 'यवन' शब्द आला. कार्ले आणि नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत यवन दात्यांचा उल्लेख आहे, तो ग्रीकांशी नाते सांगणारा. पुढे पुढे हाच शब्द परकीय अशा अर्थाने मराठीत मुसलमानांसाठी वापरला जाऊ लागला. पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत राहणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या माणसाला दुसऱ्याच देशाचे नाव चिकटले. मुलांनी जुन्या पुस्तकात हा शब्द वाचला तर त्यांना त्याचा हा प्रवास शांतपणे समजावून सांगा. अर्थ कळला की शब्दाची बोच कमी होते आणि उत्तर देताना आवाजही चढत नाही.

आपल्याकडे हे सारे होतेच

आता खरी गोष्ट. ग्रीक शब्द घेऊन इंग्रजीने नावांचे जे प्रकार मांडले, ते आपल्या परंपरेत शेकडो वर्षांपासून आहेत. अरबी पद्धतीत माणसाच्या नावाचे पाच भाग मानतात. इस्म म्हणजे ठेवलेले नाव. कुनियत म्हणजे अपत्यावरून पडलेले नाव, 'अबू' किंवा 'उम्म' लावून. नसब म्हणजे वडिलांचे नाव, 'इब्न' किंवा 'बिन्त' लावून. लकब म्हणजे गुणावरून मिळालेली पदवी. निस्बत म्हणजे गाव, प्रदेश किंवा कबिल्यावरून पडलेले नाव.

पहिले खलीफा हजरत अबूबक्र (रजि.) यांचेच उदाहरण घ्या. त्यांचे इस्म अब्दुल्लाह, कुनियत अबूबक्र, लकब सिद्दीक. वडील अबू कुहाफा, म्हणून नसब इब्न अबी कुहाफा. इंग्रजीत अपत्यावरून पडणाऱ्या नावाला टेक्नोनिम म्हणतात, 'टेक्नोन' म्हणजे अपत्य. वडिलांवरून येणाऱ्या नावाला पॅट्रोनिमिक म्हणतात. आईवरून येणाऱ्याला मेट्रोनिमिक. पवित्र कुरआनात हजरत ईसा (अ.) यांचा उल्लेख वारंवार 'मरियमचे पुत्र' असा येतो. आईच्या नावाने ओळख, तीही अल्लाहच्या ग्रंथात.

निस्बतचे उदाहरण तर जगभर पोहोचले आहे. बगदादमधील गणितज्ञ मुहम्मद इब्न मूसा हे ख्वारिज्म प्रदेशाचे, म्हणून अल-ख्वारिज्मी. लॅटिनमध्ये त्यांच्या नावाचे रूप 'अल्गोरित्मी' झाले आणि त्यातून आजच्या संगणकाचा 'अल्गोरिदम' आला. एका गावकी नावाचा असा एपोनिम झाला. आणि आपल्या कोकणात गावाच्या नावाला 'कर' लावून आडनाव करतात, ती निस्बतच नाही का? काजी, खतीब, मुकादम, खोत, अत्तार, तांबोळी, बागवान ही आडनावे कामावरून पडली.

मराठीही यात मागे नाही. कृष्णाजी केशव दामले यांनी 'केशवसुत' हे नाव घेतले. केशवसुत म्हणजे केशवचा मुलगा, अरबीत सांगायचे तर इब्न केशव. सूडोनिम आणि पॅट्रोनिमिक दोन्ही एकाच शब्दात. शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव महबूब हुसेन पटेल होते. मिर्झा असदुल्लाह खान यांना जग 'गालिब' म्हणून ओळखते.

ज्ञानाची ही देवघेव एकतर्फी नव्हती. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती विद्वानाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीकांचे वैद्यकीय ग्रंथ अरबीत आणले. ग्रीक शब्द अरबीत रुळले आणि तेथून आपल्या तोंडी आले. कानून, फलसफा, जुगराफिया हे मूळचे ग्रीक. दिरहम हा ग्रीक 'द्राख्मे'. तोच शब्द दुसऱ्या वाटेने प्राकृतात 'द्रम्म' झाला आणि मराठीत 'दाम' झाला. शब्दकोशाला उर्दूत 'कामूस' म्हणतात, त्याची कथाही ऐका. ग्रीक 'ओकेआनोस', म्हणजे महासागर, अरबीत 'कामूस' झाला. फिरोजाबादी यांनी आपल्या प्रचंड अरबी शब्दकोशाला 'अल-कामूस अल-मुहीत' म्हणजे सर्वव्यापी सागर असे नाव दिले. कोश इतका गाजला की 'कामूस'चा अर्थच शब्दकोश झाला.

शब्दाची दुसरी दोन मुळे

ग्रीकमध्ये 'शब्द' किंवा 'बोलणे' यासाठी 'लोगोस' आणि 'लेक्सिस' ही दोन मुळे महत्त्वाची. लोगोसपासून बायोलॉजी, जिऑलॉजी, लॉजिक, कॅटलॉग. 'डायलॉग'मधल्या 'डाय'चा अर्थ दोन असा अनेकांना वाटतो, पण 'दिया' म्हणजे मधून, आरपार. म्हणजे डायलॉग दोघांचाच असला पाहिजे असे नाही, चार माणसांत शब्द फिरला तरी तो डायलॉगच. 'प्रोलॉग' म्हणजे आधीचे बोल, 'एपिलॉग' म्हणजे शेवटचे बोल.

लेक्सिसपासून 'लेक्सिकॉन' म्हणजे शब्दकोश आणि 'डिस्लेक्सिया' हे शब्द आले. 'डिस' म्हणजे अडचण. डिस्लेक्सिया म्हणजे शब्द वाचताना येणारी अडचण. असे मूल हुशार असते, पण अक्षरे त्याला साथ देत नाहीत. त्याला आळशी किंवा मठ्ठ म्हणून मारझोड करू नका. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. आधी शाळेत बोला, मग सरकारी रुग्णालयातून तपासणी करून घ्या.

कागदावरचे नाव

आता पत्रातील दुसरा प्रश्न. व्याकरणात सिनॉनिम चालतो, कागदपत्रात चालत नाही. 'शेख' हा एकच शब्द, पण इंग्रजीत त्याची चार-पाच रूपे लिहिली जातात. माणसाला ती एकच वाटतात, संगणकाला ती चार माणसे वाटतात. मराठवाड्यात 'शेख' नावाच्या आधी लावतात, मुंबई-कोकणात शेवटी. गाव बदलले, फॉर्म बदलला आणि आडनावाचे नाव झाले. शिष्यवृत्ती, पासपोर्ट, हजचा अर्ज, प्रत्येक ठिकाणी मग धावपळ.

'अब्दुल'चा घोटाळा तर घरोघरी आहे. 'अब्दुल' हे पूर्ण नाव नाही. 'अब्द' म्हणजे बंदा, आणि 'उल' पुढच्या शब्दाला जोडणारा. अब्दुर्रहमान म्हणजे रहमानचा बंदा. फॉर्मवर 'अब्दुल' पहिल्या रकान्यात आणि 'रहमान' दुसऱ्या रकान्यात गेला की 'रहमान' हे वडिलांचे नाव ठरते आणि मुलगा आयुष्यभर अर्धे नाव घेऊन फिरतो. ही जोडनावे पहिल्याच रकान्यात, जोडून लिहावीत.

म्हणून काही गोष्टी सांगतो, त्या घरात बसून एकदा करून घ्या.

बाळाच्या जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करावी. नाव नंतरही नोंदवता येते, पण ते लांबणीवर टाकू नये. 1 ऑक्टोबर 2023 पासून सुधारित कायदा लागू झाला आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी अशा कामांत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे. तेथे झालेली चूक पुढे सगळीकडे जाते.

महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. काही घरांत यावर कुरकुर ऐकू येते. त्यांनी लक्षात घ्यावे की वडिलांचे नाव काढलेले नाही, आईचे जोडले आहे. कुरआनची शिकवण मुलाला त्याच्या खऱ्या वडिलांच्या नावाने ओळखावे अशी आहे, ती येथे जशीच्या तशी राहते.

नावाचे इंग्रजी आणि मराठी स्पेलिंग एका कागदावर पक्के लिहा. आई, वडील, मुले, सगळ्यांचे. तो कागद कपाटात दाखल्यांबरोबर ठेवा. फॉर्म भरणारा कोणीही असो, त्याच्यापुढे तोच कागद ठेवा.

मूल शाळेत आहे तोवरच रजिस्टरमधली नोंद तपासा. जन्मदाखला घेऊन मुख्याध्यापकांना भेटा आणि लेखी अर्ज द्या. शाळा सोडल्यानंतर हीच दुरुस्ती फार अवघड होते. कळंबच्या भगिनींनी दहावीच्या फॉर्मची वाट न पाहता हे याच महिन्यात करावे. मोठ्या माणसाला नाव बदलायचे असेल तर शासन राजपत्रात तशी जाहिरात द्यावी लागते.

लग्नानंतरच्या नावाबद्दलही विचारले जाते. निकाहानंतर मुलीने वडिलांचे नाव टाकून द्यावे, असा शरीअतचा दंडक नाही. प्रेषित (स.) यांच्या पत्नी आजही आपापल्या वडिलांच्या नावाने ओळखल्या जातात. कागद बदलायचे की नाही हे मुलीला विचारून ठरवा. बदलायचे असतील तर सगळेच बदला. अर्धे बदलणे सर्वांत त्रासाचे.

चांगले नाव, चांगली हाक

कुरआन सांगतो की अल्लाहने हजरत आदम (अ.) यांना नावे शिकवली. माणसाला मिळालेला पहिला धडा नावांचा. त्याच कुरआनात सूरह हुजुरातमध्ये एकमेकांना वाईट नावांनी हाक मारण्यास मनाई आहे. प्रेषित (स.) यांनी 'आसिया' म्हणजे अवज्ञा करणारी अशा अर्थाचे नाव असलेल्या एका स्त्रीचे नाव बदलून 'जमीला' ठेवले. हे नाव आणि फिरऔनच्या पत्नीचे 'आसिया' हे नाव अरबीत वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात. मराठीत मात्र दोन्ही सारखीच दिसतात, म्हणजे पुन्हा होमोग्राफ आलाच. यसरिबचे मदीना झाले, तेही त्याच काळात.

आपल्या घरात आणि मोहल्ल्यात काळ्या, लंगड्या, जाड्या अशा हाका सर्रास चालतात. मूल हसते, पण लक्षात ठेवते. शाळेत कोणी आपल्या मुलाच्या नावावरून चिडवले तर आपल्याला वाईट वाटते. मग आपल्या घरातून दुसऱ्याच्या मुलाला तशी हाक जाऊ नये, हेही आपणच पाहायचे.

या महिन्याचा गृहपाठ. मुलांनी वहीत पाच रकाने आखावेत: इस्म, कुनियत, नसब, लकब, निस्बत. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची माहिती त्यात भरावी आणि प्रत्येक रकान्यावर इंग्रजी शब्द लिहावा. सिनॉनिम आणि होमोनिमची पाच-पाच उदाहरणे मराठी-उर्दूतून शोधावीत. यात एक अडचण येईल, ती आम्ही आधीच सांगतो. आजोबांचे रकाने भराभर भरतील, पण दादीच्या आणि नानीच्या इस्मपाशी पेन थांबेल. कुणाची तरी अम्मी, कुणाची तरी दुल्हन, कुणाची तरी दादी, अशाच हाकांत त्यांचे आयुष्य गेले. त्यांचे स्वतःचे नाव घरात कुणी घेतलेच नाही. वही घेऊन त्यांच्याजवळ बसा, नाव विचारा, त्याचा अर्थ विचारा, ते कोणी ठेवले हेही विचारा. उत्तर द्यायला त्यांना थोडा वेळ लागेल, तेवढा द्या.

पुढील अंकात 'ग्राफ' आणि 'फोन' या मुळांचे शब्द घेऊ, इन्शाअल्लाह.